इंजिनाविना ७६४ किलोमीटर

घार पंख न हलविता घिरट्या घालीत उंच जाते, हे दृश्य खेडोपाडी सर्वांच्या परिचयाचे आहे. उन्हाने तापलेल्या जमिनीवरील हवा हलकी होऊन वर चढते आणि घार त्या प्रवाहावर स्वार होते. हँग ग्लायडरचे लांब पल्ल्याचे उड्डाण याच तत्त्वावर चालते. कापडी पंखाखाली वैमानिक पालथा लटकलेला असतो. शरीराचा भार डावीउजवीकडे सरकवून तो दिशा बदलतो. प्रवाहात घिरट्या घालून उंची कमवावयाची व ती खर्चून पुढचा प्रवाह गाठावयाचा, असा हा जमाखर्च आहे. शेतकऱ्यास तो नवा वाटू नये. प्रवाह चुकला की जमीन गाठणे आलेच.

मात्र हवा डोळ्यांस दिसत नाही. येथेच सोबत्याचे मोल कळते. त्याचा पंख वर उचलला गेला की प्रवाहाचा ठाव लागतो.

दि. ३ जुलै २०१२ रोजी अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या दक्षिण सीमेवरील झापाटा या गावाहून अमेरिकेचे डस्टिन मार्टिन व ऑस्ट्रेलियाचे जॉनी ड्युरांड यांनी उड्डाण केले. आखाताकडील वारा त्यांस उत्तरेकडे नेत होता. मॅनफ्रेड रूमर यांनी २००१ मध्ये येथूनच केलेला सुमारे ७०० किलोमीटरचा विक्रम दोघांनाही मोडावयाचा होता. तरीही दिवसाचा बराचसा प्रवास त्यांनी एकमेकांच्या सोबतीने केला. सुमारे अकरा तासांनंतर, ऊन उतरल्यावर, अखेरच्या उतरणीत मार्टिन पुढे सरले. ते लबक शहराजवळ उतरले तेव्हा अंतर ७६४ किलोमीटर भरले. ड्युरांड यांनीही जुना विक्रम मागे टाकला होता. मात्र ते अवघे काही किलोमीटर अलीकडे उतरले.