इंटरनेटवरून फोन करण्यास काय काय लागते?

मुलगा पुण्याला कारखान्यात, मुलगी सासरी नांदेडला, एखादा नातलग दूर दुबईला. आता त्यांच्याशी नुसते बोलणे होत नाही, तोंडही दिसते. हा फोन इंटरनेटवरून होतो. आमच्या फुलसावंगीत पुष्कळ घरी होतो. पण यासाठी कोणते सामान घ्यावे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. बाजारात गेले की दुकानदार चार वस्तू गळ्यात बांधतो! म्हणून हे नीट समजून घेऊ.

आधी आवाज कसा जातो ते पाहू. आवाज म्हणजे हवेची थरथर. फोनच्या खालच्या बाजूस बारीक भोक असते. त्याच्या आत माईक असतो. माईक त्या थरथरीची वीज करतो. फोन ती वीज एका सेकंदात हजारो वेळा मोजतो आणि तिचे आकडे करतो. मग त्या आकड्यांचे लहान लहान तुकडे होतात, एका सेकंदाचे साधारण ५० तुकडे. प्रत्येक तुकड्यावर पत्ता असतो, जसा पोस्टाच्या पाकिटावर असतो. पलीकडचा फोन ते तुकडे ओळीने लावतो आणि पुन्हा आवाज काढतो. एखादे पाकीट उशिरा आले, तर फोन ते टाकून देतो. म्हणून तर बोलता बोलता "हॅलो, हॅलो" करावे लागते. दोष दर वेळी फोनचा नसतो, वाटेचा असतो.

यावरून सामान कळते. बोलायला माईक, ऐकायला स्पीकर, आकडे करायला यंत्र आणि तुकडे न्यायला वाट.

पूर्वी हे सारे वेगवेगळे घ्यावे लागे. आपल्या देशात सरकारने १ एप्रिल २००२ पासून इंटरनेटवरून बोलण्यास परवानगी दिली. तेव्हा संगणक लागे, टेलिफोनची तार लागे, मोडेम नावाची पेटी लागे, वर माईक आणि स्पीकर. ज्याच्या घरी एवढे नसे, तो शहरातल्या सायबर कॅफेत जाऊन अमेरिकेतल्या मुलाशी बोले. आता हे सारे एका स्मार्टफोनच्या पोटात आहे. व्हॉट्सॲपवर २०१५ साली आवाजाचा फोन सुरू झाला आणि २०१६ च्या नोव्हेंबरात समोरासमोर पाहून बोलण्याचा.

म्हणजे स्मार्टफोन असेल तर आणखी यंत्र घेण्याचे कारण नाही. साधा बटणाचा फोन बहुधा या कामास चालत नाही. मात्र दोन्हीकडे एकच ॲप हवे आणि दोन्हीकडे इंटरनेट चालू हवे. ॲप पहिल्यांदा सुरू करताना आपल्या नंबरावर काही आकडे येतात. त्यास ओटीपी म्हणतात. ते आकडे कुणी फोनवर मागितले, तर सांगू नयेत. मग तो स्वतःस साहेब म्हणवो की पाहुणा.

कानात घालायचा इअरफोन घ्यावा का? आमचे मत, साधा तारेचा घ्यावा. मोठ्याने स्पीकर लावला की त्यातला आवाज परत माईकमध्ये शिरतो आणि पलीकडच्यास आपलेच बोलणे उलटे ऐकू येते. शिवाय घरची गोष्ट साऱ्या आळीस कळत नाही!

आता खर्च. नुसत्या आवाजास मिनिटाला साधारण अर्धा ते एक एमबी लागतो. एक जीबी म्हणजे सुमारे हजार एमबी. म्हणजे एका जीबीत सोळा तास तरी बोलता येते. चित्रास मात्र याच्या कितीतरी पट लागते. आवाज तुटू लागला, तर चित्र बंद करावे. वाट थोडी मोकळी होते. घराच्या आत टॉवर धरत नसेल, तर अंगणात यावे.

काही घरी, दुकानी तारेचे इंटरनेट असते. तेथे राउटर नावाची पेटी भिंतीला असते आणि तिच्यातून घरभर वायफाय मिळते. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. जुन्या तारेच्या टेलिफोनला वीज एक्स्चेंजमधूनच त्या तारेने येत असे. गावात अंधार झाला, तरी तो फोन वाजे. राउटरचे तसे नाही. घरची लाईट गेली की पेटी बंद, आणि पेटी बंद की तिच्यावरचा फोनही बंद. राउटरला लावायची लहान बॅटरी मिळते. आपल्याकडे लाईट केव्हा जाते हे तुम्ही जाणताच.

सर्वांत महत्त्वाचे आता सांगतो. व्हॉट्सॲपवरून ११२ लागत नाही आणि १०८ ची गाडीही बोलावता येत नाही. रात्री साप चावला, बाळंतिणीचे पोट दुखू लागले, तर ॲप उघडत बसू नये. फोनचे साधे बटण दाबून नंबर लावावा. इंटरनेट मंद असले, तरी साधा फोन पुष्कळदा लागतो. टॉवरच बंद पडला, तर मात्र दोन्ही जातात. तेव्हा माणूसच धावत पाठवावा लागतो.

म्हणून स्मार्टफोन आणला, तरी घरचा जुना बटणाचा फोन मोडीत घालू नका. त्यातले सिम चालू ठेवा. त्याची बॅटरी बरेच दिवस टिकते. चार्ज करून तो घरात अशा जागी ठेवा, की अंधारातही म्हातारीच्या हाताला लागेल.