हरलेला डाव वहीत लिहा

बुद्धिबळ या नावानेच अनेकांना पटापासून दूर ठेवले आहे. नावात बुद्धी आहे, म्हणून हा खेळ हुशारांचा, शिकल्यासवरल्या घरांचा, असा समज होऊन बसला. एखादा मुलगा दोन-चार डाव हरला की "याच्या डोक्याचे काम नाही हे" असे घरातलेच कोणीतरी बोलून जाते. मुलगा पट गुंडाळतो, पण ते वाक्य मनात राहते आणि पुढे गणिताच्या तासालाही आठवते. बुद्धी जन्मानेच ठरते, हे ज्यांना पिढ्यानपिढ्या ऐकवले गेले, त्यांनी तरी आपल्या लेकरांना ते ऐकवू नये. खरे तर पटावर जिंकून देते ती सवय आणि अभ्यास. या दोन्ही गोष्टी कोणत्याही घरात जोपासता येतात.

वर्धा-नागपूर रस्त्यावरचे आपले सेलूच घ्या. दिवसभर शेतात, दुकानात किंवा बांधकामावर राबून आलेला माणूस संध्याकाळी तासभर पटावर बसला आणि रोज दोन डाव खेळला, तर वर्षात सातशेच्या वर डाव होतात. तरीही वर्षाअखेरीस तो त्याच भिडूकडून, त्याच रीतीने हरतो. असे का व्हावे? कारण तो खेळतो, पण खेळलेला डाव पुन्हा पाहत नाही. सोंगट्या डब्यात गेल्या की चूकही डब्यात जाते आणि उद्या पुन्हा पटावर येते.

वही आणि पेन्सिल

म्हणून पहिले काम म्हणजे डाव लिहून काढणे. पटावर ६४ घरे असतात. उभ्या ओळींना ए ते एच ही अक्षरे आणि आडव्या ओळींना १ ते ८ हे आकडे दिले की प्रत्येक घराला पत्ता मिळतो. कोणती सोंगटी कोणत्या घरात गेली, एवढेच लिहायचे. आठवड्यात एक डाव लिहिला तरी पुरे, पण तो हरलेला असावा. दुसऱ्या दिवशी शांतपणे तो पुन्हा मांडावा आणि आपला डाव नेमका कोणत्या खेळीला बिघडला ते शोधावे. भिडूलाही सोबत बसवावे. त्याने काय पाहिले होते ते त्याच्याच तोंडून कळते. दहा डाव असे तपासले की लक्षात येते, आपण दहा निरनिराळ्या चुका करत नाही; दोन-तीन चुकाच पुन्हा पुन्हा करतो.

दुसरे काम प्रत्येक खेळीआधी दोन प्रश्न विचारण्याचे. समोरच्याने ही खेळी का केली? आणि माझी खेळी झाल्यावर माझी कोणती सोंगटी विनाराखणीची राहते? हौशी खेळाडूंचे कितीतरी डाव या दोन प्रश्नांअभावी जातात.

शेवटापासून शिका

बहुतेक जण सुरुवातीच्या दहा खेळ्या पाठ करतात. शेवट मात्र कोणी शिकत नाही. जगज्जेते कापाब्लांका यांचा सल्ला अगदी उलटा होता: आधी शेवट शिका. पटावर थोड्या सोंगट्या असल्या की प्रत्येकीची ताकद नीट कळते. एकच धडा पाहा. दोन राजे आणि एक प्यादे उरले आहे. आपला राजा सहाव्या ओळीत आणि त्याच्या अगदी मागे, पाचव्या ओळीत आपले प्यादे असेल, तर खेळी कोणाचीही असो, डाव आपलाच. कडेचे प्यादे असेल तर मात्र हा नियम चालत नाही. एवढे ठाऊक असलेला माणूस प्याद्याला एकटे पुढे ढकलत नाही, आधी राजाला पुढे नेतो. दोन संध्याकाळी बसून हा धडा घरातल्या मुलीलाही शिकवता येतो.

याचे मोठे उदाहरण म्हणजे पंजाबातले मीर सुलतान खान. ते जुन्या देशी नियमांनी खेळत वाढले होते. त्या नियमांत प्यादे पहिल्या खेळीलाही एकच घर चालते. युरोपचे नियम त्यांनी तरुणपणी शिकले. सुरुवातीच्या खेळ्यांत ते कच्चे होते, पण मधल्या डावात आणि शेवटात भारी. १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीन वेळा त्यांनी ब्रिटनची अजिंक्यपद स्पर्धा जिंकली. हेस्टिंग्जच्या १९३०-३१ च्या स्पर्धेत त्यांनी कापाब्लांकांनाही हरवले. जागतिक संघटनेने ग्रँडमास्टर हा मान त्यांना दिला तो २०२४ मध्ये, त्यांच्या निधनानंतर अनेक वर्षांनी.

आणि अगदी जवळचे उदाहरण नागपूरच्या दिव्या देशमुखचे. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बातुमी येथे कोनेरू हंपी यांना हरवून तिने महिला विश्वचषक जिंकला आणि ती ग्रँडमास्टर झाली. त्या विजयानंतर लगेच ती काय बोलली? डावाचा शेवट अजून शिकायला हवा, असे! विश्वचषक हाती असताना जी आपले उणे सांगते, ती उद्या ते भरूनही काढते. दिव्याचे आईवडील डॉक्टर आहेत. तसे पाठबळ प्रत्येक घरात नसते, हे खरेच. परंतु उणे शोधण्याची ही सवय पैशाने मिळत नाही.

एकट्याने नव्हे

सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकर यांनी नूतन बुद्धिबळ मंडळाच्या माध्यमातून पिढ्यान्‌पिढ्या मुले घडवली. त्याच सांगलीच्या भाग्यश्री साठे-ठिपसे यांनी १९९१ मध्ये आशियाई महिला अजिंक्यपद जिंकले. गावात चार पट, एक खोली आणि ठरलेला वार एवढ्यावर असे काम सुरू करता येते. समाजमंदिर किंवा वाचनालय आठवड्यातून दोन तास मिळाले तरी चालेल. मोबाईलवर लिचेस हे संकेतस्थळ पूर्णपणे मोफत आहे. डाव तपासायला आणि कोडी सोडवायला ते जरूर वापरावे. मात्र तीन-तीन मिनिटांच्या डावांची चटक लावून घेऊ नये. घाईत जुन्याच चुका पक्क्या होतात. अर्ध्या-अर्ध्या तासाचा एक डाव त्याहून अधिक शिकवतो.

आईवडिलांनी एवढेच करावे. मूल हरून घरी आले की "जिंकलास का?" असे विचारू नये. "कोणत्या खेळीला चुकले, मला दाखव" असे म्हणावे. तुम्हाला खेळ येत नसला तरी हरकत नाही. दाखवता दाखवता त्याचे त्यालाच कळेल, आणि हरणे म्हणजे डोके नसणे नव्हे, हेही त्याच वेळी उमगेल.