फुटलेला टायर आणि वॉरंटीचा दावा
बंगळुरूहून तुमकुरू, हुबळी, बेळगावमार्गे कोल्हापूरला निघालेल्या मोटारीचा टायर वाटेत निकामी झाला, की तो दुकानातच टाकून पुढे जाण्याची घाई होते. तीच पुढे महाग पडते, कारण दाव्याचा मुख्य पुरावा तो टायरच असतो.

वॉरंटी उत्पादनातील दोषापुरतीच असते. खिळा, खड्ड्याचा मार, कमी हवा वा अतिभार तिच्या कक्षेत येत नाहीत. हवा गेलेल्या टायरवर गाडी थोडी जरी रेटली, तरी आतील बाजू चिरडून मूळ दोषाची खूण पुसली जाते. तपासनिसाने मग ‘कमी हवा’ असा शेरा मारल्यास त्याला दोष तरी कसा द्यावा?

टायर विक्रेत्याकडे देताना छायाचित्रे काढून बिलाची प्रत जोडावी व पोच घ्यावी. दावा मान्य झाला तरी नवा टायर विनामूल्य मिळेलच असे नाही. भरपाई बहुधा झिजेच्या प्रमाणात ठरते. नव्या टायरच्या नक्षीची खोली ८ मिलिमीटर आणि झीजदर्शक खूण १.६ मिलिमीटरवर असेल, तर वापरण्याजोगी खोली ६.४ मिलिमीटर होते. त्यातील ३.२ झिजली असल्यास निम्मी किंमत ग्राहकास सोसावी लागते.

दावा फेटाळला गेल्यास कारण लेखी मागावे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदविता येते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडेही जाता येते. टायर बेळगावात घेतला असला, तरी बंगळुरूच्या रहिवाशास बंगळुरूतच तक्रार दाखल करता येते.