रिकाम्या ट्रॉलीचा खडखडाट

कारखान्यावर ऊस खाली करून ट्रॉली गावाकडे निघाली की तिचा आवाज लांबूनच येतो. ‘रिकामी आहे, वाजणारच,’ म्हणून कुणी मनावर घेत नाही. फाळके वाजतात ते वाजू द्यावेत. खालून येणारी टकटक मात्र स्प्रिंगचे पाटे चॅसिसला जोडणाऱ्या शॅकलच्या पिनांची असते. ट्रॉली भरलेली असताना ओझ्याने पिना एका अंगाला दाबून बसतात. रिकामी झाली की कडक पाट्यांवर ती खड्ड्याखड्ड्याला उडते आणि पिना बुशात आपटत राहतात. आधी बुश झिजतं, मग पिन, आणि शेवटी मेन पाट्याचं गोल वळवलेलं टोकच खाल्लं जातं.

पाटा तुटला की दोष ऊस भरणाऱ्यांना किंवा रस्त्याला. ते खोटं नाही. पण तुटलेला पाटा हातात घेऊन बघावा. बऱ्याचदा तो बरोबर मधोमध, सेंटर बोल्टच्या भोकात गेलेला असतो. भोकामुळे तिथलं पोलाद आधीच कमी. म्हणून तर दोन्ही बाजूंनी यू-बोल्ट आवळून तो मधला भाग अ‍ॅक्सलवर घट्ट धरून ठेवायचा, त्याला वाकूच द्यायचं नाही. यू-बोल्ट ढिले पडले की नेमका हाच भाग वाकायला लागतो. शिवाय अ‍ॅक्सल जागेवर धरण्याचा सगळा भार एकट्या सेंटर बोल्टवर येतो. तो कातरला की अ‍ॅक्सल मागे सरकतो. ढिलेपणाची खूण सोपी आहे: यू-बोल्टच्या बुडाशी तांबूस गंजाची भुकटी, किंवा घासून चकाकलेला लोखंडाचा पट्टा.

यावर आपल्याकडचे दोन आवडते उपाय म्हणजे एक पाटा वाढवणे आणि तुटलेल्याला वेल्डिंग मारणे. पाटा वाढवल्याने अ‍ॅक्सल, बेअरिंग, टायर यांची ताकद वाढत नाही. वेल्डिंगच्या उष्णतेने पाट्याचं पाणी उतरतं आणि तो जोडाशेजारी पुन्हा तुटतो, तोही भरल्या ट्रॉलीत.

हंगाम संपला की पावसाळ्याआधी काम काढावं. चाकांना दगड लावून चॅसिस घोडीवर घ्यावी; नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नये. पाट्यांवरचं वजन उतरलं की ग्रीस पिनेच्या दाबलेल्या बाजूलाही पोहोचतं. काळं जाऊन ताजं ग्रीस बाहेर येईपर्यंत पंप मारावा. पाटे बदलायचे तर दोन्ही बाजूंचे एकदम; नवा-जुना मिळून ट्रॉली कलते. यू-बोल्टही नवेच घ्यावेत, एकदा ताणलेले पुन्हा तशी पकड देत नाहीत.

जोडणी झाल्यावर हुकाच्या पिनेपासून अ‍ॅक्सलच्या दोन्ही टोकांपर्यंत दोरी लावून अंतर मोजावं. फरक असेल तर ट्रॉली तिरकी ओढली जाते आणि टायर खाते. पहिल्या भरलेल्या खेपेनंतर यू-बोल्टच्या नटांना पुन्हा पाना लावावा. ओझ्याखाली पाटे एकमेकांवर बसतात आणि घट्ट वाटणारे नट हमखास थोडे फिरतात.