सुतारशाळेचें दप्तर

सुतारशाळा म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें रंधा, करवत, पटाशी, वाकस आणि भुशाचा ढीग हीं उभीं राहतात. तेथें दप्तराचें काय काम, असें पुष्कळांस वाटतें. आणि जागेची अडचण पडली म्हणजे जुनीं रेखाचित्रें, फर्मे व मापांच्या काठ्या यांचीच रवानगी प्रथम अडगळींत होते. आमच्या मतें हा मोठा तोटा आहे. बोथट पटाशीला पुन्हा धार लावतां येते, मोडलेल्या दांड्याच्या जागीं नवा दांडा बसवितां येतो. परंतु अनुभवानें ठरलेलें एखादें माप एकदां हरवलें म्हणजे तें पुन्हा शोधून काढण्यास पहिल्याइतकेच श्रम पडतात, आणि कित्येकदां तें सांपडतच नाहीं. म्हणून हें दप्तर कसें असावें व कसें राखावें, याविषयीं विद्यार्थी व पालक यांच्यापुढें कांहीं विचार मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

दप्तर म्हणजे केवळ कागद नव्हे, हें आधीं ध्यानांत घ्यावें. आपल्या जिल्ह्यांतील खेड्यांत ज्यास वाढई म्हणतात, त्या सुतारानें तिफण, वखर, डवरा व बैलगाडी हीं पिढ्यान् पिढ्या केलीं, आणि त्यांतील बहुतेकांस अक्षरओळख नव्हती. त्याचीं मापें वितीबोटांत, तसूंत आणि खांचा पाडलेल्या काठीवर असत. तिफणीनें पेरणी होते व पुढें त्याच ओळींच्या मधून डवरा चालतो. तिफणीच्या दोन फणांमधील अंतर आणि डवऱ्याची रुंदी यांचा मेळ बसला नाहीं तर डवरा पिकाच्या मुळांवर चालेल. तेव्हां त्या काठीवरील एका खांचेवर शेतकऱ्याचें एका हंगामाचें पीक अवलंबून असे. नासरेथ येथील ज्या सुताराच्या घरीं प्रभु येशु ख्रिस्त वाढला, त्याच्या दुकानांतही असली एखादी काठी असेल असें म्हणण्यास हरकत नाहीं. आज लोखंडी तिफणी व ट्रॅक्टर आले आहेत, वाढयांचीं मुलें दुसऱ्या धंद्यांत गेलीं आहेत, आणि त्या काठ्या चुलींत जात आहेत.

मापांचा आणखीही एक घोटाळा आहे. पूर्वीं चोवीस तसूंचा एक गज धरीत. पण गज सर्वत्र सारखा नसे. पुढें फूट व इंच आले, आणि इंचाच्या आठव्या भागास आपले सुतार सूत म्हणूं लागले. १९५६ सालच्या कायद्यानें मेट्रिक पद्धति आली. आज प्लायवुडची लांबीरुंदी फुटांत व जाडी मिलिमीटरमध्यें सांगतात, आणि सुतार मात्र दोन सूत, तीन सूत असेंच बोलतो. म्हणून रेखाचित्रावर नुसता आंकडा लिहून भागत नाहीं. तो कोणत्या मापाचा आहे हें त्याच्याजवळच लिहिलें पाहिजे. एक सूत म्हणजे ३.२ मिलिमीटरला थोडेंसें कमी, एवढें प्रत्येक मुलाच्या वहीच्या पहिल्या पानावर असावें.

मापें लिहून ठेवण्याच्या कामीं वर्धा शहराचा वारसा मोठा आहे. साबरमतीच्या आश्रमांत चरख्याच्या सुधारणेचें काम मगनलाल गांधी पाहात असत. त्यांनीं ‘चरखा शास्त्र’ हें पुस्तक लिहिलें, आणि १९२६ सालीं रिचर्ड ग्रेग यांच्यासह टकळीवरील सूतकताई शिकविणारें पुस्तक प्रसिद्ध केलें. १९२८ सालीं ते वारले. त्यांच्या नांवानें वर्ध्याची मगनवाडी ओळखली जाते. १९३४ सालीं स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचें ठाणें तेथें झालें, श्री. जे. सी. कुमारप्पा हे त्याचे चिटणीस. त्याच आवारांत ३० डिसेंबर १९३८ रोजीं गांधीजींच्या हस्तें मगन संग्रहालय उघडण्यांत आलें. चरख्यांचे नाना प्रकार व ग्रामोद्योगांचीं साधनें तेथें आजही पाहावयास मिळतात. सहलीस गेलेलीं मुलें तें अर्ध्या तासांत पाहून बाहेर पडतात, हें आम्हांस बरें वाटत नाहीं. एकच चरखा निवडून त्याच्यापुढें वही घेऊन बसावें, त्याचीं अंगें ओळखावीं व तीं काढून घ्यावीं.

कारण चरखा हें सुताराच्या मापांची कसोटी पाहणारें यंत्र आहे. समजा, मोठें चाक २० इंच व्यासाचें आणि चातीवरील गिर्री अर्ध्या इंचाची, म्हणजे चार सुतांची आहे. माळ घसरत नाहीं असें धरल्यास चाकाच्या एका फेऱ्यांत चाती ४० फेरे घेईल. आतां जुनी गिर्री झिजली म्हणून सुतारानें अंदाजानें पांच सुतांची नवी बसविली, तर चातीचे फेरे ३२ होतील. कातणाराचा हात पूर्वींच्याच संवयीनें ओढीत राहतो, आणि धाग्याला पीळ मात्र एक पंचमांशानें कमी पडतो. धागा तुटूं लागतो. दोष कापसाला दिला जातो! सुताराच्या एका सुतानें कातणाराचें सूत बिघडतें तें असें. गिर्रीचें माप चरख्याच्या कागदावर लिहिलेलें असतें तर हें घडलें नसतें.

सन १९३७ च्या ऑक्टोबरांत वर्ध्यास शिक्षणपरिषद भरली व डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली गेली. तिनें मूलोद्योगासाठीं रोज ३ तास २० मिनिटें सुचविलीं होतीं, आणि त्या उद्योगांत सुतारकामही होतें. गिर्रीचें गणित हें सुतारकाम कीं अंकगणित, असा प्रश्न विचारणारास त्या योजनेचें मर्म समजलें नाहीं असेंच म्हणावें लागेल.

तिच्याही पूर्वीं, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत, स्वीडन देशांतील नॅस या गांवीं ऑटो सालोमन यांनीं शाळेंतील लाकूडकामासाठीं नमुन्यांची मालिका बसविली होती. सोप्या वस्तूपासून अवघड वस्तूकडे, आणि प्रत्येक नमुन्यांत एखादी नवी क्रिया, असा तिचा क्रम असे. आमच्या दप्तराची मांडणी याच धोरणानें करावी असें आम्हांस वाटतें. कागद तारखेप्रमाणें लावले तर दोन वर्षांनीं कोणासही कांहीं सांपडत नाहीं, वस्तूप्रमाणें लावावेत. पाटाचा क्रमांक ७ ठरला तर त्याच्या रेखाचित्रावर ७, फर्म्यावर ७ आणि लाकूड व खिळे यांच्या हिशेबाच्या पानावरही ७. फर्मे पातळ प्लायवुडचे करून त्यांवर चपड्याचा हात द्यावा, आणि एकाच जागीं भोंक पाडून ते खिळ्यांवर ओळीनें टांगावे. रेखाचित्राची मूळ प्रत बाकावर कधींही जाऊं देऊं नये. तेथें सरसाचे हात लागतात, पटाशी ठेवली जाते, आणि नेमका आंकड्यावरच डाग पडतो. बाकावर नक्कल जावी. हल्लीं मोबाईलवर फोटो काढला म्हणजे दप्तर झालें, असें कित्येक समजतात. फोटोंत वस्तूचें रूप येतें, माप येत नाहीं. वस्तूशेजारीं फुटपट्टी ठेवून फोटो घेतला तर त्याचा थोडाबहुत उपयोग आहे.

हत्यारांच्या फळीवर प्रत्येक हत्याराची आकृति रंगवावी. सायंकाळीं कोणतें परत आलें नाहीं हें एका नजरेंत कळतें. रंध्याच्या पात्यास २५ अंशांचा उतार व दगडावर शेवटची धार ३० अंशांची द्यावयाची असते. हे दोन कोन लाकडी पाचरीवर कापून धारेच्या दगडाजवळच टांगावे. पुस्तकांत शोधावयास कोणी उठत नाहीं.

लाकडाच्या नोंदींत मात्र बहुतेक सुतारशाळा कच्च्या असतात. सागवान ओलें असतांनाचें व पूर्ण वाळल्यावरचें माप पाहिलें तर वलयांना अनुसरून तें सुमारें ६ टक्के आटतें, गाभ्यापासून सालीकडे सुमारें अडीच टक्के, आणि लांबींत जवळजवळ मुळींच नाहीं. १२ इंच रुंदीची ओली फळी आडवी आटली तर पावणेसहा सुतांपर्यंत जाते. मुरलेलें लाकूडही स्वस्थ बसत नाहीं. आपल्याकडे वैशाखांत पारा ४५ अंशांच्या घरांत जातो आणि श्रावणांत भिंतींनाही ओल सुटते. मे महिन्यांत केलेल्या ६ इंच उंचीच्या टेबलाच्या खणास वर अर्धें पाऊण सूत मोकळें ठेवलें नाहीं तर तो पावसाळ्यांत हमखास अडकतो, आणि मग कोणीतरी तो रंधून टाकतो व हिंवाळ्यांत तो खुळखुळतो. म्हणून हिशेबाच्या पानावर लाकडाची जात, तें केव्हां आणलें, आणि वस्तु कोणत्या महिन्यांत केली हें लिहावें. साग, बाभूळ, निंब, आंबा यांचे वीतभर लांबीचे तुकडे, एक बाजू रंधलेली व एक तशीच ठेवलेली, नांव घालून मांडावेत. गाडीच्या चाकास बाभूळ कां व खणास साग कां, हें मुलांस हातांत घेऊन कळतें.

वाळवीविषयीं एक सूचना. कागद भिंतीशीं टेकलेल्या लाकडी कपाटांत ठेवूं नयेत. पत्र्याच्या पेटींत घालून ती पेटी चार विटांवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवावी. पावसाळ्यानंतर सारें दप्तर एक दिवस कोरड्या हवेंत, सावलींत पसरावें, आणि त्याच वेळीं यादीशीं ताडून पाहावें.

ज्यांचीं घरें खेड्यांत आहेत अशा विद्यार्थ्यांस दिवाळीच्या सुटींत एक काम करतां येईल, आणि पालकांनीं त्यांस साह्य करावें अशी आमची विनंति आहे. गांवांत म्हातारा वाढई असेल तर त्याच्याकडे जुनी मापाची काठी आहे काय, तें विचारावें. असल्यास लांब कागद तिच्याशेजारीं पसरून प्रत्येक खांच जशीच्या तशी उतरून घ्यावी, आणि ती खांच कशाची, हें त्याच्याच शब्दांत समोर लिहावें. तो शब्द आपल्या पुस्तकांतला नसला तरी बदलूं नये. खालीं गांवाचें नांव व साल घालावें. कामें करून घेणारीं घरें अजूनही कोठें कोठें आहेत; तेव्हां काठी त्याच दिवशीं परत द्यावी.