उसाच्या गावात समुद्रकासव

‘अहो, आपल्याकडे समुद्र कुठाय, की तुम्ही पोरांना समुद्रातलं कासव शिकवताय?’ अवसरी बुद्रुकमध्ये लहान मुलांचा शनिवारचा वर्ग घेताना हा प्रश्न मला बऱ्याच जणींनी विचारला. प्रश्न रास्तच आहे. आमच्याकडे ऊस आहे, बटाटा आहे, डिंभ्याचं पाणी आहे आणि बिबट्या तर आहेच आहे. समुद्र बघायचा तर घाट उतरून कोकणात जावं लागतं. पण मैत्रिणींनो, याच मुलांना डायनासोर माहीत असतो, पेंग्विन माहीत असतो, बर्फावरचं पांढरं अस्वल माहीत असतं. मग आपल्याच महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर दरवर्षी अंडी घालायला येणारं कासव का नको?

शिवाय कासव आमच्या मुलांना अगदीच अनोळखी नाही. शंकराच्या देवळात नंदीच्या पुढं फरशीवर ते कोरलेलं असतं आणि आजी त्याला हात लावून नमस्कार करायला लावते. ससा-कासवाची शर्यत तोंडपाठ असते. काठी तोंडात धरून उडालेलं आणि बोलायला गेल्यावर खाली पडलेलं पंचतंत्रातलं कासवही ओळखीचं असतं. पण ही सगळी कासवं तळ्याकाठची नाहीतर जमिनीवरची, कुणी जवळ आलं की मान आत ओढून घेणारी. समुद्रातल्या कासवाला ते जमत नाही. त्याची मान आणि पाय कवचात जातच नाहीत. त्याच्या पायांची वल्ही झालेली असतात. पाठ उंच घुमटासारखी नसते, चपटी असते.

हा फरक मुलांना सांगत बसण्यापेक्षा करून दाखवला. नारळाची अर्धी करवंटी पालथी घातली, खालून पुठ्ठ्याची मान सरकवली की झालं तळ्यातलं कासव. मान आत, मान बाहेर! मग जुन्या लग्नपत्रिकांमधून बदामाच्या आकाराची पाठ कापली, पुढचे दोन पाय लांब, मागचे आखूड. पाठीवर भुईमुगाची टरफलं चिकटवली, त्यावर हिरवट-राखाडी रंग. दोन्ही कासवं शेजारी ठेवली आणि विचारलं, ‘कुत्रा आला तर कोण वाचेल?’ एका क्षणात उत्तर आलं, ‘करवंटीवालं.’ तेवढ्यासाठी तक्ता लागला नाही. बाजारात मिळणाऱ्या तक्त्यांवर समुद्री कासवालाही हत्तीसारखे खांब-पाय असतात आणि वर ते हसत असतं. ते मला आवडत नाही. आणि एक सांगते, थर्माकोल आणि चमकी वर्गात आणायचीच नाही असं मी ठरवलंय. प्लॅस्टिकनं कासव मरतं असं सांगायचं आणि हातानं मात्र थर्माकोलचं कासव करायचं, हे काही पटत नाही.

आपल्या किनाऱ्यावर मुख्यतः येतं ते ऑलिव्ह रिडले जातीचं कासव. लांबीला साधारण दोन-सव्वादोन फूट. मादी रात्री वाळूवर येते. पाण्यात ती सराईत असते, पण जमिनीवर तिला स्वतःचं वजन ओढत न्यावं लागतं. मागच्या पायांनी ती दीडेक फूट खोल, सुरईसारखा खड्डा करते. त्यात शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू लोटते, अंगानं थापटून जागा सपाट करते आणि निघून जाते. पुन्हा त्या खड्ड्याकडे येत नाही.

वर्गात आम्ही मातीच्या शंभर गोळ्या वळल्या, टेबल टेनिसच्या चेंडूएवढ्या, कारण अंडं तेवढंच असतं. शंभरापर्यंत मोजायची शिकवणी आपोआप झाली! अंगणातल्या वाळूत खड्डा करून गोळ्या त्यात ठेवल्या. तेव्हा एका मुलानं विचारलं, ‘एवढी पोरं सांभाळतं कोण?’

इथं मला थोडं थांबावं लागलं. आमच्या भागातल्या मुलांना रानातली आई माहीत असते ती बिबट्याची. ऊसतोडीत पिल्लं सापडली की वनखात्याची आणि माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्राची माणसं येतात, पिल्लं क्रेटमध्ये घालून त्याच जागी ठेवतात आणि रात्री मादी येऊन त्यांना तोंडात धरून नेते. हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. त्याच बिबट्यापायी अंधार पडल्यावर पोरांना अंगणात सोडायची सोय राहिलेली नाही, हेही खरं. तेव्हा ‘कासवाची आई येतच नाही’ हे कुणाला पटेना.

बचत गटातल्या एका ताईंनी सुचवलं, ‘सांगा की, आई समुद्रातून बघते म्हणून. अभंगातच आहे आपल्या.’ खरंच आहे. कासवी दुरून नुसत्या नजरेनं पिल्लांना पोसते, ही कल्पना आपल्या संतवाङ्मयात ठिकठिकाणी येते. किती गोड कल्पना आहे! हरिपाठाला बसणाऱ्या कुठल्याही बाईला ती ठाऊक असते. पण ती भक्ताला दिलासा देण्यासाठी आहे. प्राण्यांच्या धड्यात मला ती घालायची नव्हती.

त्यात वर्गात एक मुलगी होती, पाचेक वर्षांची. ऊसतोडीच्या टोळीबरोबर बीडकडून आलेली. आमच्याकडे दिवाळीच्या सुमारास या टोळ्या येतात. आई-बाप पहाटे अंधारात फडात जातात, पोरं कोपीवर. ही धाकट्या भावाला कडेवर घेऊनच वर्गात यायची. फार बोलायची नाही. तिनं विचारलं, ‘येतच नाही आई? कंदीच?’

मी म्हटलं, नाही येत. पण जाण्याआधी तिनं काय काय केलं ते सांगितलं. भरतीचं पाणी पोचणार नाही अशी जागा शोधली, खोल खणलं, झाकलं, वरून खुणा पुसल्या. आणि पुढचं सांगितलं. पन्नासेक दिवसांनी अंडी फुटतात, तेव्हा पिल्लांच्या डोक्यावर फूटभर वाळू असते. एकट्या पिल्लाला ती पेलवत नाही. सगळी मिळून हालचाल करतात, वरची वाळू खाली ढासळत राहते आणि सगळा घोळका हळूहळू वर येतो. यात दोन-तीन दिवसही जातात. ती ऐकत होती. मग म्हणाली, ‘मंग भावंडं हायेत की.’

पुढं कितीतरी दिवस मी तेच वाक्य वर्गात वापरलं.

आता वेळासबद्दल. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यात बाणकोटच्या जवळ हे गाव आहे. इतिहासात ते नाना फडणवीसांचं मूळ गाव म्हणून ओळखलं जातं. कासवाची अंडी उकरून खायची, विकायची ही किनाऱ्यावरची जुनी रीत. कोल्ही-कुत्री उकरायची ती वेगळीच. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेच्या भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली इथं संवर्धनाचं काम सुरू केलं. गावातली मुलंच पहाटे किनारा पालथा घालून वाळूवरचा माग काढू लागली. मिळालेली अंडी कुंपण घातलेल्या जागेत तशाच खोलीचा खड्डा करून ठेवायची, वर टोपली झाकायची, सकाळ-संध्याकाळ टोपली उचलून बघायचं. २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. पाहुणे येऊ लागले, घराघरांत उतरू लागले. जेवणखाण, राहणं बघणाऱ्या घरच्या बायकांच्या हाती चार पैसे आले. अंडी विकून एकदाच पैसे मिळायचे, पिल्लं दाखवून दरवर्षी मिळतात, हा हिशेब बायकांना समजावून सांगावा लागत नाही. पुढं आंजर्ले, गुहागर अशा कितीतरी किनाऱ्यांवर हेच काम उभं राहिलं. वेळासचं सगळं मुलांना सांगितलं, आणि टोपली उचलायचा खेळ तर रोजच झाला. आधी कोण उचलणार यावरून भांडणंही रोज!

एक गोष्ट मात्र मुलांपेक्षा त्यांच्या आयांना जास्त आवडली. कासवाचं पिल्लू मादी होणार की नर, हे अंड्याभोवतीच्या वाळूच्या उबेवर ठरतं. वाळू जास्त तापली तर मुली, थंड राहिली तर मुलगे. हे ऐकल्यावर एक आजी पदर तोंडाला लावून हसल्या. ‘म्हंजे कासवांत सुनेला कुणी बोल लावत नसंल!’ हसण्यावारी गेलं खरं, पण हवामान तापत चाललंय तसतसे नर कमी होतील की काय, ही शास्त्रज्ञांची काळजी आहे.

पिल्लं उजेडाकडे धावतात. समुद्रावरचं आकाश रात्री जमिनीपेक्षा उजळ असतं, त्यावरून त्यांना पाण्याची दिशा कळते. मागं हॉटेलाचे दिवे लागले की ती भलतीकडेच जातात. हे खेळून बघितलं. खोलीत अंधार केला, एका टोकाला निळी साडी पसरली आणि तिथं बारीक दिवा ठेवला. मुलं गुडघ्यांवर रांगत निघाली. मध्येच मी दाराशी मोठी बॅटरी लावली. सगळी फौज दाराकडे! कावळा, घार, खेकडा, कुत्रा झालेली मुलं टपूनच होती. पाण्यापर्यंत तिघं पोचली. हजारातलं एखादंच पिल्लू मोठं होतं असं म्हणतात. तो आकडा या वयाला मी सांगत नाही. तिघं पोचली, एवढं पुरे.

जेलीफिश हे कासवाचं खाणं. बादलीभर पाण्यात पारदर्शक पिशवी सोडली, हातानं पाणी हलवलं आणि ‘हे काय?’ विचारलं. कुणालाच पिशवी म्हणावंसं वाटलं नाही.

मग नकाशा. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ साली पायाला धातूची खूण लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना सापडली. खुणेचा नंबर ०३२३३. समुद्रमार्गे अंतर सुमारे ३,५०० किलोमीटर! गाडीला असतो तसा कासवाला नंबर, याचंच मुलांना अप्रूप. लोकरीचा धागा ओडिशापासून श्रीलंकेला वळसा घालून गुहागरपर्यंत चिकटवला. वेळासच्या ‘प्रथमा’ नावाच्या मादीच्या पाठीवर तर २०२२ साली उपग्रहाला संदेश देणारं यंत्र बसवलं होतं. पश्चिम किनाऱ्यावर असं पहिल्यांदाच झालं.

त्याच नकाशावर दुसरा धागा लावला, निळा. घोड नदी भीमेला मिळते, भीमा कृष्णेला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. म्हणजे सह्याद्रीच्या पलीकडं समुद्र इतका जवळ असून आपलं पाणी तिकडं जातच नाही, उलट्या दिशेनं थेट आंध्रात जातं, हे मोठ्या माणसांनाही नवीन होतं. आंध्रच्या किनाऱ्यावरही हीच कासवं अंडी घालतात. वाटेत उजनीसारखी धरणं आहेत, तेव्हा आमच्या ओढ्यातली प्रत्येक पिशवी तिथवर पोचते असं मी म्हणणार नाही. पण ‘आपल्याकडे समुद्र कुठाय’ याला हा निळा धागा हे एक उत्तर आहे.

पुस्तकांचं म्हणाल तर या वयाला पानावर एखादं वाक्य आणि मोठं चित्र असलेलं पुस्तक हवं. ‘प्रथम बुक्स’ची स्वस्त मराठी पुस्तकं मिळतात, त्यांच्या ‘स्टोरीवीव्हर’वर फुकट वाचताही येतात. पण सगळ्यात जास्त चाललं ते मुलांनी स्वतः केलेलं पुस्तक. बारा पानं, लग्नपत्रिकांचं बाइंडिंग, दोऱ्यानं शिवलेलं. अक्षर जवळजवळ नाहीच, म्हणजे घरी वाचता न येणारी आईसुद्धा ते वाचू शकते. त्या मुलीनं फडावरून आल्यावर आईला ते रोज वाचून दाखवलं असं तिच्या आईनंच मला सांगितलं. एप्रिलमध्ये टोळी परत गेली तेव्हा पुस्तक तिच्याबरोबर गेलं. शेवटच्या पानावर मी सांगितल्याप्रमाणे पिल्लं पाण्यात शिरताना दाखवली होती. फक्त कोपऱ्यात, लाटांच्या मागं, दोन मोठ्या डोळ्यांचं एक मोठं कासव काढलेलं होतं. मी ते खोडायला लावलं नाही.

वेळासला जायचं मनात असेल तर फेब्रुवारी ते एप्रिल हा काळ धरा. निघण्यापूर्वी फोन करून चौकशी करा, घरांतली सोयही आधीच ठरवा, ऐनवेळी जागा मिळत नाही. टोपलीखाली पिल्लं निघतीलच असं नसतं, हे मुलांना आधीच सांगून ठेवा. सकाळी लवकर आणि संध्याकाळी, दोन्ही वेळा किनाऱ्यावर जा, दोरीच्या मागं उभं राहा, मोबाइलचा फ्लॅश बंद ठेवा. पिल्लू हातात घ्यायचा हट्ट मुलांपेक्षा मोठी माणसंच जास्त करतात, तेवढा आवरा. आणि घरच्या बाईंना जेवणाचं आदल्या दिवशी सांगा. उकडीचे मोदक करायला वेळ लागतो.