पुराव्याची वाट चंदीगडवरून जाते

१९ ऑक्टोबर २०२३ रोजी कॅनडाने भारतातले आपले ४१ राजनैतिक अधिकारी माघारी नेल्याचे जाहीर केले आणि चंदीगड, मुंबई, बंगळूर इथल्या वाणिज्य दूतावासांतली समोरासमोरची कामे थांबली. पंजाबातल्या विद्यार्थ्यांना आणि परदेशी मुलांकडे निघालेल्या आईवडिलांना त्याची झळ बसली, ती बातम्यांत आली. तपासाचे नुकसान मात्र फारसे कुणी मोजले नाही. ज्याच्या खुनावरून हा वाद पेटला तो कॅनडाचा नागरिक, खलिस्तानवादी हरदीपसिंग निज्जर मूळचा जालंधर जिल्ह्यातला. १८ जून २०२३ला कॅनडातल्या सरे इथल्या गुरुद्वाऱ्याच्या आवारात त्याचा खून झाला, आणि २०२४ मध्ये पकडलेले चारही आरोपी भारतीय नागरिक आहेत. अशा खटल्यात जबानी, बँकेची नोंद, फोनचा तपशील इकडून लागू शकतो, आणि तो न्यायालयात टिकायचा तर रीतसर विनंती, तिची छाननी आणि स्थानिक यंत्रणेकडून पूर्तता, याच मार्गाने जायला हवा. हा मार्ग १९९४च्या परस्पर कायदेशीर साहाय्य कराराने आखून दिलेला आहे. दोन्ही राजधान्यांनी आधी जाहीर विधाने केली, मग अधिकारी घालवले. करार उरला, पण तो राबवायला लागणारा विश्वास आटला.

चौकशी निःपक्ष ठरते ती पुरावा दोन्ही बाजूंच्या डोळ्यांखालून गेल्यामुळे. चौकशी करणारा कोणत्या देशाचा, हे त्यानंतर येते. २३ जून १९८५ला आयर्लंडजवळ एअर इंडियाचे ‘कनिष्क’ विमान कोसळून ३२९ माणसे मेली. सुमारे दोन हजार मीटर खोल समुद्रातून अवशेष वर काढले गेले, कॅनडाच्या हवाई सुरक्षा मंडळाने आपले निष्कर्ष दिल्ली उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बी. एन. किरपाल यांच्यापुढे ठेवले, आणि स्फोटाचे निदान आजही टिकून आहे. उलट याच प्रकरणात कॅनडाच्या गुप्तचर खात्याने संशयितांच्या संभाषणांच्या फिती पुसून टाकल्या. २००५ मध्ये दोन मुख्य आरोपी सुटले, आणि २०१० मध्ये न्यायमूर्ती जॉन मेजर यांच्या अहवालाने कॅनडाच्याच यंत्रणांवर कडक ठपका ठेवला.

गुप्त माहिती उघड केली तर खबरे मरतील, हा आक्षेप खरा आहे. पण तसे असेल तर निज्जरच्या खुनामागे भारताचे हस्तक असल्याचा आरोप कॅनडाच्या संसदेत करण्याची घाईही करू नये. आपल्याकडे त्या वेळी प्रामुख्याने गुप्तवार्ता होती, ठोस पुरावा नव्हता, हे तो आरोप करणारे कॅनडाचे तत्कालीन पंतप्रधान ट्रुडो यांनीच ऑक्टोबर २०२४ मध्ये परकी हस्तक्षेपाच्या चौकशी आयोगापुढे सांगितले. दुसरा आक्षेप भारताला लागू पडतो: ज्याच्यावर आरोप, त्यानेच तपास कसा करायचा? अमेरिकेतल्या खलिस्तानवादी पन्नूच्या हत्येच्या कटाबद्दल अमेरिकेने माहिती दिली, तेव्हा भारताने उच्चस्तरीय समिती नेमली, आणि जानेवारी २०२५ मध्ये तिने एका व्यक्तीवर कायदेशीर कारवाईची शिफारस केली. माहिती हाती आली की हालचाल होते, हे यातून दिसते. पण सरकारी निवेदनात त्या व्यक्तीचे नाव नव्हते, आणि नाव झाकलेल्या शिफारशीवर परक्याने विश्वास का ठेवावा? ऑगस्ट २०२५ मध्ये दोन्ही देशांनी पुन्हा उच्चायुक्त नेमले आहेत. आता कॅनडाने आपला पुरावा १९९४च्या कराराखाली रीतसर पाठवावा आणि भारताने त्यावर काय केले ते लेखी, तारखेनिशी जाहीर करावे.